पासबुकात आठ लाख, नोटिशीत पावणेदहा

प्रश्न : मॅडम, नमस्कार. माझं गाव जिंतूर तालुक्यात आहे. नाव छापू नका, इथे सगळे एकमेकांना ओळखतात.

2018 ते 2022 या काळात पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजातून मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं. त्यासाठी तालुक्याच्या गावातल्या एका सरकारी बँकेतून 6 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं. दरवर्षी जुलैमध्ये 1,50,000 रुपये थेट कॉलेजच्या खात्यात जायचे. व्याज साडेदहा टक्के. तारण काही नाही, सहकर्जदार म्हणून बाबांची सही आहे. बाबा दरवर्षी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला नेऊन बँकेत देत होते, तो कशासाठी हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

शिक्षण झाल्यावर चाकणला एका व्हेंडर कंपनीत कंत्राटावर लागलो. पगार 19,000. ऑगस्ट 2023 पासून 11,070 रुपयांचा हप्ता सुरू झाला. खोलीचं भाडं आणि मेस गेल्यावर हातात काही राहत नव्हतं, तरी मार्च 2024 पर्यंतचे सगळे हप्ते भरले. मार्चअखेर कंपनीने आमची आख्खी बॅच कमी केली. त्यानंतर पुण्यात, वाळूजला, नाशिकला मुलाखती दिल्या. फ्रेशर म्हणून घेत नाहीत आणि अनुभव कंत्राटी म्हणून धरत नाहीत. मग गावी आलो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तहसील कचेरीत होतो, महिना 10,000 मिळायचे. ती मुदत संपली. आता ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये 11,000 वर आहे. अडीच एकर कोरडवाहू. यंदा सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन वाहून गेलं.

एप्रिल 2024 पासून नोव्हेंबर 2025 पर्यंत एकही हप्ता गेला नाही. आता नोटीस आली आहे. एकूण येणं 9,72,320, त्यात ‘दंडात्मक आकार व कर’ 33,850. पण पासबुकात 8,09,280 च दिसतात. मधले 1,63,040 कुठून आले ते समजत नाही. वसुलीवाले रात्री साडेनऊला मामाला फोन करतात, ‘तुमच्या भाच्याला पोलीस उचलतील, जमिनीवर बोजा चढेल’ म्हणतात. लोकअदालतीचंही पत्र आलंय. बाबा एक एकर विकायचं म्हणताहेत. बँकेत जायची हिंमत होत नाही. दंड असाच चढत राहिला तर जन्मभर फिटणार नाही. रात्री वाटतं, मी नसतो तर घरावर ही वेळच आली नसती.

— एक वाचक, जिल्हा परभणी

उत्तर : तुला एकेरीच लिहिते, माझ्या धाकट्या मुलाहून तू लहान आहेस.

पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी घेते. हे कर्ज तू चैनीसाठी काढलेलं नाहीस. नोकरी होती तोवर अर्ध्याहून जास्त पगार हप्त्याला देणारा मुलगा तू. तू नसतास तर तुझ्या आईबाबांचं काय झालं असतं, याचा हिशेब कुठल्याच पासबुकात बसत नाही. आजच्या आज घरातल्या एका माणसाला, आईला किंवा मामाला, रात्री काय वाटतं ते सांग. आणि 14416 हा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेव. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो विचार पुन्हा आला की वाट न पाहता फोन लाव. बँकेचं काम दोन दिवसांनी झालं तरी चालेल.

आता कागद. मी मराठवाड्यातल्या शाखांमध्ये वर्षानुवर्षं कर्जाच्या टेबलावर बसले आहे. नोटीस घेऊन येणारे वडील मला चांगले आठवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, आधार, रेशनकार्ड आणि घडी घालून घालून फाटायला आलेली नोटीस. बहुतेकांनी नोटिशीतला शेवटचा आकडा तेवढा वाचलेला असायचा. तुझा शेवटचा आकडा तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळून झाला आहे आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

पासबुक आणि नोटीस यांत फरक का, ते आधी सांगते. हप्ता थकून 90 दिवस झाले की बँक खातं एनपीए, म्हणजे थकीत खातं ठरवते. तुझं खातं 2024 च्या जूनअखेरीस किंवा जुलैत तसं झालं असणार. त्यानंतरचं व्याज बँक आपल्या उत्पन्नात धरत नाही, म्हणून खात्यावरही चढवत नाही. बाजूला स्वतंत्र लिहून ठेवते. पासबुकाचा आकडा त्या दिवशी थांबतो, व्याज मात्र थांबत नाही. 8,09,280 वर साडेदहा टक्क्यांनी, महिन्याच्या चक्रवाढीने, 17 महिन्यांचं व्याज काढलं तर साधारण 1,29,000 येतं. त्यात तुझ्या नोटिशीतले दंडाचे 33,850 मिळव. तुला न सापडलेले 1,63,000 हेच.

म्हणजे तू ज्याला सरसकट दंड म्हणतो आहेस, त्यातला मोठा भाग करारातलं नेहमीचं व्याज आहे. त्यावर भांडून उपयोग नाही. दंडावर मात्र भांडायचं, आणि जोरात.

रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 ला परिपत्रक काढून दंडव्याज ही पद्धतच बंद केली. हप्ता चुकला तर बँक दंडाचा आकार लावू शकते, पण तो व्याजदरात मिसळायचा नाही, मुद्दलात मिळवायचा नाही आणि त्याच्यावर पुन्हा व्याज घ्यायचं नाही. दंड वाजवी असावा, चुकीच्या प्रमाणात असावा, कर्जदाराला तो आधी कळवलेला असावा, असंही त्यात आहे. जुन्या कर्जांना हा नियम उशिरात उशिरा 30 जून 2024 पर्यंत लागू करायचा होता. तुझा पहिला हप्ता एप्रिल 2024 मध्ये चुकला. तेव्हा तुझी जवळजवळ सगळी थकबाकी या नियमाखाली येते.

मग 33,850 आले कुठून? मी कागद घेऊन बसले. थकलेल्या हप्त्यांवर वर्षाला 2 टक्के धरले, पहिल्या महिन्यात एका हप्त्यावर, दुसऱ्या महिन्यात दोनवर असं वाढवत वीस हप्त्यांपर्यंत नेलं, तर सगळा दंड 3,900 च्या आत राहतो. तेच 2 टक्के थकलेल्या हप्त्यांऐवजी सगळ्या येणे रकमेवर लावले तर 28,700 च्या घरात जातात. त्यावर 18 टक्के जीएसटी लावला की बरोबर तुझ्या नोटिशीतला आकडा! तुझा करारनामा मी पाहिलेला नाही, म्हणून हा माझा अंदाज समज. पण अंदाज खरा असेल तर दोन गोष्टी विचारायच्या. शैक्षणिक कर्जांत दंड थकलेल्या रकमेवर आणि थकलेल्या काळापुरता लावायची रीत असताना इथे सगळ्या कर्जावर का लावला? आणि बँकांच्या दंडात्मक आकारावर जीएसटी लागत नाही असा खुलासा सरकारने जानेवारी 2025 मध्ये केलेला असताना कर कशाचा? हे दोन प्रश्न लेखी गेले की तीसेक हजारांचा विषय बँकेला उघडावाच लागेल.

तरीही, खरं सांगते, दंड हा तुझ्या प्रकरणातला मोठा पैसा नाही. मोठा पैसा तुझ्या पत्रात एका वाक्यात येऊन गेला आहे. बाबा दरवर्षी उत्पन्नाचा दाखला देत होते ते.

कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि मुलगा व्यावसायिक किंवा तांत्रिक शिक्षण घेत असेल, तर शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष यांचं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं, अशी योजना 2009-10 पासून होती. तुझ्या वर्षांत तिची मर्यादा साडेसात लाखांच्या कर्जापर्यंत होती आणि कॉलेज नॅककडून किंवा अभ्यासक्रम एनबीएकडून मान्यताप्राप्त असावा लागे. दाखला त्याच्यासाठी मागतात. बँकेने विद्यार्थ्याची माहिती पोर्टलवर भरून दावा पाठवायचा आणि नोडल बँक असलेल्या कॅनरा बँकेमार्फत पैसे यायचे.

ते तुला मिळालं का? हप्त्यावरून उलटा हिशेब करता येतो. चार वर्षांच्या उचलीवर जुलै 2023 पर्यंतचं सरळव्याज होतं 2,20,500. मुद्दल मिळवून 8,20,500. या रकमेचा दहा वर्षांचा हप्ता बसतो 11,070, तुझा आहे तोच. यातून एक चांगली गोष्ट कळली : शिक्षणाच्या काळात बँकेने सरळव्याजच धरलं, चक्रवाढ नाही. महिन्याची चक्रवाढ धरली असती तर 50,000 जास्त लागले असते, आणि ही चूक मी बऱ्याच खात्यांत पाहिली आहे. दुसरी गोष्ट कळली ती वाईट : अनुदानाचा एक रुपयाही तुझ्या खात्यात जमा झालेला दिसत नाही. तो आला असता तर 2023 मध्ये तुझं कर्ज 6 लाखांवर असतं आणि दहा वर्षांचा हप्ता 8,100 च्या आसपास पडला असता. कंत्राटी पगाराच्या पोराला तीन हजारांचा फरक म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको.

म्हणून कॉलेजच्या साइटवर तुझ्या वर्षांची नॅक-एनबीए मान्यता बघ. बाबांना दाखल्यांच्या झेरॉक्स शोधायला लाव. पोच नसली तरी दाखले मिळतात. ज्या सेतू केंद्रातून काढले तिथे विचार. मग बँकेला लेखी विचारायचं : माझ्या खात्याचा व्याज अनुदानाचा दावा कोणकोणत्या वर्षी पाठवला, पाठवला नसल्यास का नाही? इतक्या वर्षांनी जुना दावा सरकारकडून मंजूर होईल, असा शब्द मी देणार नाही, ते अवघड आहे. पण दाखला घेऊनही बँकेने दावा केला नसेल तर ती सेवेतली कसूर आहे. आणि कसूर कागदावर आली की तडजोडीच्या टेबलावर तुझं वजन वाढतं. 2,20,500 चा मुद्दा हातात असलेला कर्जदार आणि नुसता हात जोडून उभा असलेला कर्जदार, दोघांशी शाखेत बोलणं वेगळं होतं. मी त्या खुर्चीवर बसले आहे, मला माहीत आहे.

आता पोलीस आणि जमीन. कर्ज थकणं हा गुन्हा नाही, ते दिवाणी प्रकरण आहे. फक्त एक तपास : कर्ज काढताना बाबांकडून सही केलेले चेक घेतले होते का? असे चेक किंवा खात्यावरचं ऑटो-डेबिट पैशाअभावी परत गेलं आणि त्याची कायदेशीर नोटीस आली, तर 15 दिवसांत ती रक्कम भरावी लागते, नाहीतर फौजदारी खटला होऊ शकतो. ती बाजूला ठेवायची नाही.

जमिनीचं म्हणशील तर सरफेसी कायद्याने बँक जमिनी-घरं ताब्यात घेते ती तारण असलेली. तुझ्या कर्जाला तारणच नाही, आणि तो कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, 31 व्या कलमात तसं स्पष्ट आहे. वसुलीवाला फोनवरून सातबाऱ्यावर बोजा चढवू शकत नाही. महाभूलेखवर जाऊन ‘इतर हक्क’ बघ. तिथे बाबांच्या पीककर्जाची नोंद असेल तर ती वेगळी, घाबरू नकोस. मात्र बँक दिवाणी दावा लावू शकते आणि हुकूम झाला तर तुझ्या आणि बाबांच्या मालमत्तेपर्यंत पोचू शकते. त्यामुळे फोनला भिऊ नकोस, पण कोर्टाचं समन्स आलं तर ते कपाटात टाकू नकोस.

रात्री साडेनऊचा फोन सरळ नियमभंग आहे. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, धमकावायचं नाही, नातेवाईक-मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा बजावलं आहे. एजंटच्या वागण्याला बँकच जबाबदार असते. मामा ना कर्जदार ना जामीनदार. त्यांना सांग, फोन उचला, नाव आणि एजन्सी विचारा, वेळ लिहा, जमलं तर रेकॉर्ड करा, आणि ‘लेखी कळवा’ एवढंच बोलून ठेवा.

आता बँकेत जायचं. एकटा जाऊ नकोस, बाबांना घेऊन जा. महिनाअखेर टाळ, दुपारी तीननंतर गर्दी ओसरते. शाखाधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज दोन प्रतींत ने आणि एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय उठू नकोस. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने टाक. मजकूर साधा ठेव :

“माझे शैक्षणिक कर्ज खाते मार्च 2024 पर्यंत नियमित होते. नोकरी गेल्याने एप्रिल 2024 पासून हप्ते थकले आहेत. सध्या मला दरमहा 11,000 रुपये मिळतात, पगाराचे पत्र जोडले आहे. कर्ज फेडण्याची माझी इच्छा आहे. कृपया मला (1) कर्ज सुरू झाल्यापासूनचा पूर्ण खातेउतारा, एनपीएनंतरच्या व्याजाच्या हिशेबासह, (2) दंडात्मक आकार कोणत्या रकमेवर, कोणत्या दराने आणि करारातील कोणत्या कलमानुसार लावला याचा तपशील, (3) केंद्रीय व्याज अनुदानाच्या दाव्यांची माहिती द्यावी. तसेच माझ्या परिस्थितीनुसार हप्त्यांची फेररचना आणि एकरकमी तडजोड या दोन्ही पर्यायांची लेखी माहिती द्यावी.”

अर्जात दयायाचना नको, शपथा नकोत, गावकीचं काही नको.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार टाकता येते. फी नाही, वकील लागत नाही. अडलं तर 14448 वर फोन कर. एजंटांचे फोन, दंडाचा हिशेब, अनुदान, तिन्ही विषय तिथे चालतात. ‘मला हप्ता कमी करून द्या’ हा विषय तिथे चालत नाही. तो बँकेच्या अखत्यारीत आहे.

फेररचनेबद्दल तुला खोटी आशा लावत नाही. दंड सोडून आजच्या येणे रकमेवर महिन्याचं नुसतं व्याजच 8,200 होतं. मुदत तेरा वर्षं वाढवून घेतली तरी हप्ता पुन्हा 11,000 च्या आसपास बसतो, म्हणजे आहे तेवढाच. हे 2023 लाच करायला हवं होतं. शैक्षणिक कर्ज 15 वर्षांत फेडता येतं. तेव्हा पंधरा वर्षं धरली असती तर हप्ता 9,070 पडला असता. 19,000 च्या कंत्राटी पगाराला 11,070 चा हप्ता बांधून देताना शाखेत कुणी पगाराची स्लिप बघितली होती का, हा प्रश्न मला पत्र वाचल्यापासून सतावतो आहे. आज फेररचना मागायचीच असेल तर पहिली दोन वर्षं अगदी लहान हप्ता आणि मग चढता, अशी माग. शाखेच्या हातात नसलं तरी वरच्या कार्यालयाला प्रस्ताव पाठवता येतो.

महिना अडीच हजार देता येत असतील तर सुरू कर, पण आधी लेखी विचार की ते कशात जमा धरणार, मुद्दलात की व्याजात. अडीच हजारांनी कर्ज उतरणार नाही, व्याजसुद्धा भागणार नाही. तरी तो माणूस पळालेला नाही हे फाइलवर दिसतं, आणि तडजोडीची टिप्पणी लिहिणारा अधिकारी नेमकं तेच शोधत असतो.

तुझ्यासाठी खरा रस्ता तडजोडीचा दिसतो. एनपीए खात्यांत एकरकमी तडजोड करण्याचं धोरण प्रत्येक बँकेचं असतं, आणि जून 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याची चौकट घालून दिली आहे. सहसा दंड पूर्ण सुटतो, बाजूला लिहून ठेवलेलं व्याज बरंचसं सुटू शकतं, मुद्दलासाठी बँक अडून बसते. तारण नसलेल्या, कोरडवाहू घरातल्या कर्जात थोडं पुढेही जाता येतं. लोकअदालतीचं पत्र त्याचसाठी आहे. त्यावर ‘दाखलपूर्व’ असं छापलं असेल. म्हणजे खटला झालेला नाही. जा. पॅनेलपुढे बँकेचा माणूस बसलेला असतो, तो आकडा सांगतो, तू तुझा सांगायचा. पटलं नाही तर सही न करता उठून यायचं, कुणी अडवत नाही. पण तिथे सही केलेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून जे पैसे खात्रीने उभे राहतील तेवढ्याचीच सही. तालुका विधी सेवा समितीत मोफत सल्ला मिळतो, आदल्या आठवड्यात जाऊन बोलून ये.

तडजोडीची किंमत असते तीही ऐक. सिबिलमध्ये खातं ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ दिसतं आणि ते कित्येक वर्षं राहतं. ज्या बँकेशी तडजोड होते ती निदान 12 महिने नवं कर्ज देत नाही. सरकारी बँकांच्या भरतीत रुजू होताना सिबिल बघतात. तो अभ्यास करत असशील तर हे धरून चाल. पण आजही तुझं सिबिल एनपीएच दाखवतंय. ‘सेटल्ड’ त्याहून वाईट नाही.

आणि बाबांना माझा निरोप : दादा, तडजोडीचं मंजुरीपत्र बँकेच्या लेटरहेडवर, रक्कम आणि तारखांसकट हातात येत नाही तोवर एक गुंठाही विकू नका. घाईत विकलेल्या जमिनीला भाव मिळत नाही. आणि अर्धी थकबाकी भरून खातं नियमित होत नाही. एनपीए खातं पुन्हा नियमित व्हायला सगळी थकबाकी भरावी लागते. नुसते हप्तेच 2,21,400 चे थकले आहेत. एक एकर विकून लाखभर भरलात तर जमीनही जाईल आणि फोनही बंद होणार नाहीत.

खातेउतारा मिळाला की त्याची प्रत मला पाठव. अंकात छापणार नाही, हिशेब तपासून उत्तर पोस्टाने देईन.

प्रश्न : माझी मुलगी बी. फार्म. झाली. बँकेने दिलेली एक वर्षाची सवलत येत्या जूनमध्ये संपते आणि नोकरी अजून नाही. हप्ता सुरू झाला की बघू, आधीपासून बँकेला सांगून कशाला नजरेत यायचं, असं तिचे वडील म्हणतात. मला ते पटत नाही.

— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत, कर्ज फिटेपर्यंतच्या काळात बेकारी किंवा तुटपुंज्या पगाराचा काळ आला तर दोन-तीन वेळा हप्त्यांना स्थगिती देण्याची सोय आहे. बहुतेक बँका हीच योजना थोड्याफार फरकाने चालवतात. पण ती मागावी लागते, आणि खातं चांगलं असतानाच मागितली तर मिळण्याची शक्यता जास्त. हप्ता एक दिवस चुकला तरी बँकेच्या संगणकात खात्यावर खूण होते, 90 दिवसांनी एनपीए. त्यानंतर तीच विनंती केली की तिला वेगळी परवानगी लागते, वेगळे कागद लागतात आणि शाखेचा सूरही बदललेला असतो.

एप्रिलमध्येच मुलीने अर्ज द्यावा. सोबत नोकरीसाठी केलेल्या अर्जांचे, मुलाखतींच्या बोलावण्यांचे ई-मेल जोडावेत. फार्मसी कौन्सिलची नोंदणी झाली असेल तर तीही. स्थगितीच्या काळात व्याज चढत राहतं हे लक्षात ठेवा. घरातून महिन्याचं नुसतं व्याज भरता आलं तरी पुढचा हप्ता फुगणार नाही. आणि कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत होतं का? असेल तर वरचं उत्तर वाचा आणि जूनच्या आधी अनुदान जमा झालंय का ते खातेउताऱ्यात बघा. सवलत संपायच्या आधी विचारलं तर बँकेला अजून काही करता येतं.

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालेला वाहक. भाच्याच्या 7 लाखांच्या शैक्षणिक कर्जाला जामीन राहिलो. भाचा बंगळुरूत नोकरी करतो, पण माझा फोन घेत नाही, हप्ते भरत नाही. बँक मला पत्रं पाठवते. आधी त्याच्यावर दावा लावा, मग माझ्याकडे या, असं मी म्हणू शकतो का?

— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : काका, म्हणता येत नाही. भारतीय करार कायद्याच्या 128 व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते आणि बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते. थकलेलं खातं तुमच्या सिबिलवरही दिसू शकतं.

पण तुमच्याकडे दुसरा हक्क आहे. जामीनदार म्हणून तुम्ही जे भराल ते भाच्याकडून कायद्याने वसूल करता येतं, 140 आणि 145 ही कलमं त्यासाठीच आहेत. म्हणून आज बँकेला लेखी द्या : कर्जदार नोकरीला आहे, त्याचा बंगळुरूचा पत्ता आणि कंपनीचं नाव हे, वसुलीची कारवाई आधी त्याच्याकडे करावी. बँकेवर ते बंधन नाही, तरी पगारदार माणसाचा पत्ता मिळाला की शाखा तिकडे वळते, हा माझा अनुभव आहे. भाच्याला स्पीड पोस्टाने त्याच मजकुराचं पत्र टाका आणि पोच जपून ठेवा. पैसे भरायची वेळ आलीच तर रोख देऊ नका, बहिणीच्या हातीही देऊ नका. तुमच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा आणि ‘जामीनदाराकडून भरणा’ अशी पावतीवर नोंद करून घ्या.